रुक्वा खोऱ्यात हेलियमची जागा बघून आलो, जाणार असाल तर वाचा

टांझानियातल्या रुक्वा खोऱ्यात हेलियम सापडलंय आणि ते शोधणाऱ्या हेलियम वन कंपनीचे शेअर लंडनच्या बाजारात मिळतात हे कळल्यापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांचे मेसेज येतायत, की घेऊ का. आम्ही राहतो दार-ए-सलामला, म्हणून म्हटलं आधी जागा तरी डोळ्यांनी बघू. बघून आल्यावर माझं मत असं झालंय की वायूत हेलियम किती टक्के एवढंच वाचून पैसे घालणाऱ्याने निदान नकाशावर तरी तो रस्ता नीट बघावा, जमलं तर प्रत्यक्ष जावं.

दारहून आधी म्बेया गाठायचं. विमान सोंगवे विमानतळावर उतरतं, दोन तासांच्या आत पोचता. वेळ असेल तर मात्र बसनेच जा, साधारण सव्वाआठशे किलोमीटर रस्ता, मिकुमीच्या अभयारण्यातून जातो आणि पुढे कितोंगाचा घाट लागतो. ताझारा रेल्वे पण आहे, चीनच्या मदतीने 1970 ते 75 मध्ये बांधलेली, प्रवास सुंदर पण वेळापत्रकावर विसंबून पुढचं बुकिंग करू नका. म्बेया उंचावर, रात्री स्वेटर लागतो. तिथून झांबियाकडे जाणाऱ्या हायवेने म्लोवोपर्यंत यायचं आणि उजवीकडे कामसाम्बाचा रस्ता धरायचा. गाडी फोर बाय फोरच घ्या, ड्रायव्हर स्थानिक घ्या, कारण पठार संपून गाडी खाली खोऱ्यात उतरली की हवा एकदम तापते आणि माती काळी होते, आपल्याकडच्या कपाशीच्या रानासारखी, पावसात चाक धरून ठेवणारी. जून ते ऑक्टोबरच जा. नोव्हेंबर ते एप्रिल जाऊच नका.

आता खरी गोष्ट, हेलियम तिथेच का. तिथला खालचा खडक फार जुना, अब्जावधी वर्षांचा, त्यातलं युरेनियम आणि थोरियम हळूहळू क्षय पावत हेलियम तयार करत राहिलं आणि ते खडकातच अडकून बसलं. नंतर आफ्रिकेची जमीन फाटायला लागली, खालून उष्णता आली, आणि तो वायू सुटून नायट्रोजन आणि भूजलाबरोबर वर गाळाच्या थरांत यायला लागला. गरम पाण्याच्या झऱ्यांतून बुडबुडे येतात त्यात दहा टक्क्यांच्या आसपास हेलियम मोजलं गेलंय. 2016 साली ऑक्सफर्ड आणि डरहॅमच्या संशोधकांनी हेलियम वन कंपनीबरोबर हे जाहीर केलं, 54 अब्ज घनफूट असा अंदाज दिला, आणि तिथून गुंतवणूकदारांची रीघ लागली. विजयदुर्गला दर 18 ऑगस्टला 1868 च्या ग्रहणाची आणि हेलियमच्या शोधाची आठवण काढतात ना, त्याच सिंधुदुर्गातला मी, तो वायू जमिनीतून बुडबुड्यांनी वर येताना बघून काय वाटलं ते मला नीट सांगताच येणार नाही.

हेलियम वन 2020 च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या एम मार्केटवर, म्हणजे लहान कंपन्यांच्या शेअर बाजारावर, आली, 2021 मध्ये शेअर कितीतरी पटींनी चढला, आणि त्याच वर्षी ताई नावाच्या पहिल्या विहिरीतून विकण्याजोगा वायू आला नाही तेव्हा धाडकन पडला. नंतर पैसे उभारायला नवे शेअर काढत गेले, भाव एका पेनीच्या खाली गेला. 2024 च्या सुरुवातीला इतुम्बुला इथे मात्र विहिरीतून हेलियम खरंच वर आलं, पुढच्या लांब चाचणीत सरासरी साडेपाच टक्के. कतारच्या गॅसमध्ये ते टक्क्याच्या शतांश भागात असतं, म्हणजे साडेपाच हा फार मोठा आकडा आहे हे खरं. पण कतारमध्ये मुख्य कमाई एलएनजीची, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूची, आणि हेलियम वरकमाई, इथे सोबत नायट्रोजन आणि गरम पाणी, त्यामुळे विहीर, पाण्याचा उपसा, प्लांट, वीज, टँकर सगळा खर्च एकट्या हेलियमने काढायचाय. द्रवरूपात न्यायचं तर उणे 269 अंशापर्यंत थंड करून हजारएक किलोमीटर दूर बंदरापर्यंत न्यायचं, आणि तेही त्या काळ्या मातीतून निघून. म्हणून अहवाल वाचताना टक्केवारीच्या पुढे जाऊन रोज किती वायू येतो, किती दिवस टिकला, आणि नवे शेअर किती काढले हे आधी बघा. टांझानिया सरकारचा किमान 16 टक्के फुकट हिस्सा कायद्यानेच असतो, तोही हिशोबात धरा.

भारतातून पैसे पाठवणार असाल तर एलआरएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, पण मर्यादा हा मुद्दाच नाही, बुडाले तरी घर चालेल एवढेच घाला, एमआरआयला हेलियम लागतं म्हणून मागणी राहणारच हे बरोबर असलं तरी त्याने एखादी विहीर यशस्वी होत नाही.

गावात गेल्यावर आधी ग्रामकार्यालयात जाऊन कशासाठी आलोय ते सांगा. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणा, ते ‘मराहबा’ म्हणतील, मग बोलणं सुरू होतं. ड्रिलिंगच्या कुंपणाजवळ जाऊन फोटो काढू नका, ड्रोन तर अजिबात नको. लोक मुख्यतः भातशेती आणि गुरं यांच्या गोष्टी करतात, नोकऱ्या आणि रस्ता याबद्दल विचारतात, आणि पाण्याचं काय होणार हे विचारतात, हा प्रश्न मला कुठल्याही शेअरच्या चर्चेत दिसला नव्हता. रुक्वा तळ्याच्या काठाला एकटं जाऊ नका, मगरी आणि पाणघोडे आहेत. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, पिण्याचं पाणी म्बेयाहून भरून न्या, सुटे शिलिंग ठेवा. जेवणाची चिंता नको, भात, राजम्यासारखी माहारागे आणि चपाती जवळपास सगळीकडे मिळते.

एक दिवस जास्त ठेवता आला तर परतताना व्वावाच्या बाजूला म्बोझीची उल्का बघा, कित्येक टनांचा लोखंडाचा गोळा उघड्यावर ठेवलाय. इवुना हे गावही या खोऱ्यातच, 1938 च्या डिसेंबरमध्ये तिथे पडलेली उल्का शास्त्रज्ञांना आजही फार मोलाची वाटते. इवुनात जुनी मिठाची जागा पण आहे, ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, कारण ती वाट सगळ्यांना माहीत नसते.