रामनवाल्या मॅडमचा विषय कोणता?

‘मॅडम, तुमचा स्वतःचा विषय कोणता हो?’ फिजिक्सची मुलं विचारतात, फार्मसीची विचारतात, नातेवाईक तर लग्नाच्या पंगतीत विचारतात. काहींच्या मनातला पुढचा प्रश्न तोंडावरच दिसतो: म्हणजे तुम्ही फक्त मशीन चालवता ना? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते.

विद्यापीठाच्या उपकरण केंद्रातला कॉन्फोकल रामन मायक्रोस्कोप माझ्याकडे असतो: सॅम्पलवर लेझर टाकायचा, विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखात (स्पेक्ट्रममध्ये) कुठल्या आकड्यांवर टोकं, म्हणजे पिकं, येतात ते बघायचं आणि त्यावरून पदार्थ ओळखायचा. सकाळी सिलिकॉनचा तुकडा ठेवून ५२०चं पीक जागेवर आहे ना ते बघायचं, मग रांगेत जो असेल त्याचं सॅम्पल लावायचं. कुणाचं ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा, असतं: १५८० आणि २७००ची पिकं बघून थर एक आहे की जास्त, हे सांगायचं. मग भूशास्त्राची एक मुलगी क्वार्ट्झची पातळ चकती घेऊन येते. दगडाच्या पोटात अडकलेल्या बुडबुड्यात काय आहे ते तिला हवं असतं, तेही दगड न फोडता. कॉन्फोकलची खरी मजा इथे. पिनहोल नावाच्या बारीक छिद्रामुळे फोकसच्या वरचा-खालचा प्रकाश बाजूला पडतो, आपण फोकस हळूहळू बुडबुड्यापर्यंत उतरवतो, आणि १२८५ व १३८८ ही जोडी उगवली की आत कार्बन डायऑक्साइड. दोन पिकांमधल्या अंतरावरून त्याची घनताही काढता येते. जोडी दिसली की ती मुलगी अजूनही टाळी वाजवते. फार्मसीवाल्यांना गोळीतल्या औषधाचा स्फटिक कुठल्या प्रकारचा आहे ते हवं असतं, आणि त्यांची धास्ती उगीच नाही. १९९८ साली रिटोनाव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाचा भलताच, कमी विरघळणारा स्फटिक कॅप्सूलमध्ये तयार व्हायला लागला आणि त्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. रेणू तोच, रचना निराळी. रामनमध्ये ती वेगळी दिसते.

आता यातला माझा विषय कोणता, ते तुम्हीच सांगा.

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला पूर्वी इतका झोंबत नव्हता. झोंबायला लागला तो निळ्या धाग्यापासून.

एक पीएचडीचा मुलगा नदीच्या पाण्यातलं मायक्रोप्लास्टिक शोधत होता. फिल्टरवर अडकलेला एक निळा धागा, केसाहून बारीक. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर लावला. ७४७, १३४०, १५३०च्या आसपास अशी स्वच्छ पिकं आली की बघत राहावं. पण ती सगळी कॉपर थॅलोसायनिनची, म्हणजे निळ्या रंगद्रव्याची. हा रंग इतका जोरात ओरडतो की खालच्या प्लास्टिकचा आवाज ऐकूच येत नाही. पॉवर वाढवली तर कॅमेऱ्यात धागा आक्रसला, काळा खड्डा पडला आणि १३५० व १५९०ला दोन रुंद उंचवटे उभे राहिले. कोळसा. ती जागा गेली. दुसऱ्या टोकाला ७८५ नॅनोमीटरचा लेझर लावून पाहिला, लेझरखाली बराच वेळ तसाच ठेवून पाहिला. पुन्हा रंगच. त्याचे बाकीचे निळे धागेही तसेच निघाले. मी रिपोर्टात लिहिलं: ‘कॉपर थॅलोसायनिन. धाग्याचा मूळ पदार्थ ओळखता आला नाही.’

त्याच्या गाइडनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘नदीत निळा धागा सापडला, प्लास्टिक नाही तर काय आहे तो?’ मी म्हटलं, सर, सुती कापडावरच्या छपाईतही हाच रंग असतो. त्यांनी मग व्हिनलँड नकाशा काढला. कोलंबसाच्या आधीचा म्हणवला जाणारा तो नकाशा: २००२ साली लंडनमध्ये ब्राउन आणि क्लार्क यांना त्याच्या पिवळसर रेघांत रामनने अ‍ॅनाटेज हे विसाव्या शतकात वापरात आलेलं रंगद्रव्य सापडलं, आणि २०२१मध्ये तो नकाशा बाळगणाऱ्या येल विद्यापीठानेही तो बनावट असल्याचं जाहीर केलं. ‘तिथे एका रंगद्रव्यावरून निकाल लागतो, इथे का लागत नाही?’ कारण तिथे प्रश्नच शाईचा होता, सर. इथे प्रश्न धाग्याचा आहे. त्यावर ते म्हणाले, ‘तुमचं काम स्पेक्ट्रम देणं. मत आम्ही बघू.’ मुलगा दाराशी उभा होता. खाली बघत.

त्याचे बरेचसे कण निळेच होते, त्यामुळे प्रबंधातल्या त्या प्रकरणाचा मोठा तुकडा गळला. धागे एफटीआयआरला, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राकडे, पाठवले, पण ते तिथल्या मानाने फारच बारीक. शेवटी ते पॉलिएस्टर होते की सूत, हे आजही कुणाला माहीत नाही. कदाचित सगळे पॉलिएस्टरच असतील.

नोकरीच्या सुरुवातीची मी असते तर स्पेक्ट्रम पेन ड्राइव्हवर घालून गप्प बसले असते. ती मला अजूनही टोकते: पोराचं वर्ष जात होतं, तुझं काय जात होतं? नुसत्या रंगद्रव्यावरून ओळखलेले कण वेगळ्या रकान्यात दाखवणारे लोक आहेतच, तेवढी वाट तरी सुचवायचीस. मी म्हणते, रकाना मांडणं त्यांचं काम, आणि रंगाचं नाव मी लिहिलं होतंच. ती म्हणते, बघ, तूच आता ‘माझं काम, त्यांचं काम’ करायला लागलीस. यावर मला धड उत्तर सुचत नाही. तरी आज तोच धागा आला तर मी तेच वाक्य लिहीन, इतकं खरं.

हेच सर दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं भाषण करतात. १९२८ साली कोलकात्यात रामन आणि कृष्णन यांनी सूर्यप्रकाश, रंगीत काचा आणि स्वतःचे डोळे एवढ्यावर हा परिणाम कसा पाहिला, ते छान रंगवून सांगतात. मी मागच्या रांगेत बसून ऐकते. भाषण खरंच चांगलं असतं.

त्यांच्या विभागाच्या फॉर्मवर आता ‘फक्त स्पेक्ट्रम, विश्लेषण नको’ असा शेरा असतो. असू दे. पण लेझर कुठला, पॉवर किती टक्के, धाग्याच्या कुठल्या भागावर फोकस, मधेच कॉस्मिक किरणाने उमटवलेली टोकदार रेघ ठेवायची की काढायची, यातलं काहीच त्या फॉर्मवर नसतं. लेझरचा रकाना तर कोराच येतो. तो मी भरते.