तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिओच्या बातम्या एका बाजूच्या का, आणि रेडिओ टिकणार का?

हे दोन प्रश्न नेहमी जोडीने येतात. पहिला विचारणाऱ्याच्या आवाजात तक्रार असते आणि दुसऱ्यात हळहळ. माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकच आहे: आपल्याकडे रेडिओवर स्वतःची बातमी देण्याचा हक्क फक्त आकाशवाणीला आहे.

आधी बातमीपत्र कसं बनतं ते पाहू. मराठी बातम्या मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द या वेगाने वाचल्या जातात, म्हणजे दहा मिनिटांत हजार ते साडेबाराशे शब्द. एकेका बातमीच्या वाट्याला पन्नास-साठ शब्द येतात. एवढ्या जागेत खोटं सांगायची गरजच पडत नाही, झुकाव मांडणीतून येतो. ठळक बातम्या सुरुवातीला आणि शेवटी वाचतात, त्यामुळे ठळकमधली बातमी तीनदा कानावर पडते आणि बाकीची एकदाच. मंत्र्यांनी काही ‘स्पष्ट केलं’ असतं, विरोधकांनी ‘आरोप केला’ असतो. मंत्र्यांचा आवाज ध्वनिमुद्रित ऐकवला जातो, विरोधकाचं म्हणणं निवेदक वाचून दाखवतो. आणि जी बातमी घेतलीच नाही तिच्याबद्दल श्रोता तक्रार तरी कशी करणार?

निवेदकाला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या हातात कागद येतो तोवर सगळं ठरलेलं असतं. आकाशवाणीच्या वृत्तविभागातले वरिष्ठ अधिकारी बहुतेक भारतीय माहिती सेवेतले असतात, आणि ही सेवा माहिती व प्रसारण मंत्रालयाची. आज बातम्या निवडणारा अधिकारी उद्या पत्र सूचना कार्यालयात, म्हणजे सरकारी प्रसिद्धीपत्रकं काढणाऱ्या खात्यात, बसू शकतो. बदली मंत्रालयाच्या हाती असेल तर फोन करून कुणी दबाव आणावाच लागत नाही. जिल्ह्यातला वार्ताहर अंशकालीन आणि कराराने नेमलेला. त्याच्याकडे सगळ्यात आधी आणि वाचायला तयार अशी येते ती जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट. मोर्चाची बातमी करायची तर जावं लागतं, दोन्हीकडून बोलून घ्यावं लागतं, आणि वर ती घेतली जाईल याची खात्री नाही. अशा वेळी तो काय पाठवेल?

कायद्यात मात्र सगळं चोख आहे. प्रसार भारती कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये. त्याच्या कलम १२ मध्ये लिहिलंय की परस्परविरोधी मतांसह समतोल माहिती द्यावी आणि स्वतःचं कोणतंही मत पुढे रेटू नये. त्याच कायद्याचं कलम २३ केंद्र सरकारला सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी निर्देश देण्याचा अधिकार देतं. पगार आणि मोठा खर्च सरकारी अनुदानातून. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत सेवेत असलेले कर्मचारी तर कायद्यानेच प्रतिनियुक्तीवरचे सरकारी नोकर ठरतात.

हे आजचं किंवा एका पक्षाचं दुखणं नाही. आणीबाणीत विद्याचरण शुक्ल माहिती व प्रसारण मंत्री असताना किशोर कुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली होती, आणि खरी खबर हवी असणारे बीबीसी लावत होते. ऑगस्ट २०१७ मध्ये त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं स्वातंत्र्यदिनाचं भाषण बदल केल्याशिवाय प्रसारित करायला दूरदर्शन-आकाशवाणीने नकार दिला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षांना मिळणाऱ्या मोफत वेळेतल्या भाषणातून माकपचे नेते सीताराम येचुरींना काही शब्द गाळावे लागले. पक्षांच्या भाषणांची संहिता आधी तपासून घेण्याचा नियम जुनाच आहे. दुसरीकडे ३ ऑक्टोबर २०१४ पासून पंतप्रधानांची ‘मन की बात’ सगळ्या केंद्रांवर आहे, लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेचा काळ तेवढा सोडून. पंतप्रधानांनी बोलू नये असं कुणी म्हणणार नाही. पण उत्तर द्यायला विरोधी पक्षनेत्याला तितका वेळ ठेवलेला नाही, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

पक्षपात आहे की नाही हे स्वतः मोजायचं असेल तर एकच बातमीपत्र सलग सात दिवस ऐका. कागदावर चार रकाने आखा: कितवी बातमी, किती सेकंद, कुणाचा प्रत्यक्ष आवाज, आणि उगम काय (प्रेसनोट, सभा, वार्ताहर). बहुतेकांची चूक होते ती नुसते सेकंद मोजण्यात. सरकार रोज काही ना काही निर्णय घेतं, तेव्हा त्याचे सेकंद जास्त भरणारच. त्यापेक्षा एक वादाचा विषय धरा. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. अशा वेळी बंदीचा निर्णय आणि लिलाव बंद पडल्याची बातमी एकाच बातमीपत्रात आली का, आणि कुठली आधी, हे पाहायचं. अर्थसंकल्पाचा किंवा पंतप्रधानांच्या दौऱ्याचा आठवडा टाळा. जवळ दोन स्थानिक वृत्तपत्रं ठेवा, म्हणजे काय गाळलं ते कळेल, आणि त्यासाठी पाचवा रकाना आखा. सातव्या दिवशी हाच रकाना सगळ्यात भरलेला असतो.

मग खासगी एफएम का बोलत नाहीत? कारण त्यांना मनाई आहे. २००१ मध्ये बंगळुरूत पहिलं खासगी केंद्र सुरू झालं तेव्हापासून त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. खासगी एफएमच्या विस्ताराच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने २०११ मध्ये आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवायची मुभा दिली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, खेळ, पाणीकपातीची सूचना यांना बातमी मानत नाहीत, म्हणून ते चालतं. म्हणजे ‘उद्या पाणी येणार नाही’ सांगता येतं, ‘का येणार नाही’ विचारता येत नाही. शिवाय परवान्यात आकाशवाणीची कार्यक्रम संहिता लागू आहे. नाव घेऊन राजकीय पक्षावर हल्ला नको, केंद्रावर किंवा राज्यावर वैरभावाने टीका नको. आणि या केंद्रांना सरकारी जाहिराती लागतात. सरकारी जाहिरातींचा मूळ दर २०२३ मध्ये दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. खासगी बातम्या सुरू झाल्या की निःपक्षपातीपणा आपोआप येईल, असं मला वाटत नाही. अमेरिकेत दोन्ही बाजू मांडण्याचा नियम १९८७ मध्ये उठला आणि पुढच्याच वर्षी उजव्या विचारांचा निवेदक रश लिंबॉ याचा एकतर्फी कार्यक्रम देशभर सुरू झाला. पण चार बाजूंची चार केंद्रं असली तर निदान ताडून पाहता येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटलं आहे की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे.

आता दुसरा प्रश्न. गाण्यांच्या जोरावर रेडिओ टिकणार नाही. हवं ते गाणं फोनवर मिळतं, तेही निवेदकाच्या बडबडीशिवाय. फोन देत नाही ती जवळची, विश्वासाची, तोंडी बातमी. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली की खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात आणि फोनमधला एफएम चालू ठेवावा. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २३४ शहरांत नव्या केंद्रांच्या लिलावाला मंजुरी दिली. छोट्या शहरात नुसती गाणी लावून खर्च निघणं अवघड आहे. बातमीची परवानगी नसेल तर तिथली केंद्रं मोठ्या शहरातला कार्यक्रमच जसाच्या तसा ऐकवत राहतील.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखी सामुदायिक केंद्रं, म्हणजे संस्थांनी आसपासच्या लोकांसाठी चालवलेली, जवळचं बोलण्यात पुढे आहेत, पण त्यांची ताकद १०० वॅटच्या आत, बातम्यांची मनाई त्यांनाही, आणि तीन महिन्यांचं ध्वनिमुद्रण जपून ठेवायचं बंधन. आकाशवाणीने मध्यम लहरींवर (मीडियम वेव्ह) डीआरएम नावाच्या पद्धतीची डिजिटल प्रक्षेपणं सुरू केली खरी, पण ती पकडणारे संच काही नव्या गाड्या सोडल्या तर दिसत नाहीत.

राहिला प्रश्न संच कोणता घ्यावा, हा. घाटात किंवा कोकणात राहत असाल तर मध्यम लहरी असलेलाच घ्या. एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते आणि डोंगराआड सावली पडते, मध्यम लहर जमिनीला धरून पुढे जाते. खरखर येत असेल तर आधी एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर एकेक करून बंद करून पाहा, मग संच जागच्या जागी हळूहळू फिरवा. आतली अँटेनाचं काम करणारी फेराइट कांडी दिशा पाळते, त्यामुळे एका कोनात खरखर कमी होते. फोनवर एफएम हवं असेल तर हेडफोनची खाच आणि एफएमचं ॲप दोन्ही आहेत का ते दुकानातच पाहून घ्या. हेडफोनची तारच तिथे अँटेनाचं काम करते, ब्लूटूथवाल्यांनी भागत नाही.