बरोबर 30,000 रुपये

ठेवीच्या घोटाळ्यात आरोपीच्या नावावर सहसा काही सापडत नाही. पैसा शोधावा लागतो तो त्याच्या गोतावळ्याच्या खात्यांत. नाशिकच्या अशाच एका प्रकरणात आर्थिक गुन्हे शाखेसाठी खातेउतारे तपासत होतो. सिडको, पंचवटी, ओझरच्या निवृत्त माणसांनी दरमहा परताव्याच्या भरवशावर फंडाचे पैसे गुंतवले होते. ठेवी घेणाऱ्या कंपनीच्या संचालकाच्या नावावर जमीन नाही, असं उत्तर येऊन पडलं होतं.

त्या दिवशी संचालकाच्या मेहुण्याच्या उताऱ्यात शासनाकडे ऑनलाइन पैसे भरण्याच्या ‘ग्रास’ प्रणालीत गेलेल्या दोन रकमा दिसल्या. एक मोठी, दुसरी बरोबर 30,000. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बहुधा एकाच चलनात भरतात. इथं वेगवेगळी होती, म्हणून नजरेत भरली. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त 30,000. म्हणजे 30 लाख किंवा त्याहून जास्त किमतीचा व्यवहार झालेला.

बँकेकडून चलनाचा जीआरएन, म्हणजे त्याचा शासकीय क्रमांक, मिळाला. नोंदणी विभागानं त्यावरून दस्त शोधला आणि सूची 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, हाती आली: दिंडोरी तालुक्यातली शेतजमीन, गट नंबर आणि क्षेत्रासकट. सातबारा काढला, तर त्यावर नवा फेरफार, म्हणजे मालक बदलल्याची नोंद, प्रलंबित! मेहुण्यानं गुन्हा दाखल झाल्यावर जमीन तिसऱ्यालाच विकली होती. फेरफाराच्या नोटिशीची 15 दिवसांची मुदत संपत आली होती. ती संपून मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली असती, तर सातबारावर नवं नाव लागून जमीन आणखी पुढं विकणं सोपं झालं असतं.

तपास अधिकाऱ्यांनी तहसीलदारांना फोन केला आणि संध्याकाळच्या आत लेखी हरकत गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे पोचवली. नोंद तक्रारी ठरली, प्रमाणित होणं थांबलं. हे जमलं, कारण पत्रात गुन्हा क्रमांक, कलमं, गट नंबर, हेक्टर-आरमधलं क्षेत्र आणि फेरफार क्रमांक, सगळं होतं. पुष्कळ पत्रं इथंच अडतात. जमिनींचे गट पाडण्याआधीचा, म्हणजे एकत्रीकरणाआधीचा, सर्व्हे नंबर लिहिला जातो, गटातला हिस्सा राहून जातो. तीच चूक शासनाच्या जप्तीच्या अधिसूचनेत उतरली की शुद्धिपत्रक निघेपर्यंत ठेवीदार ताटकळतात. बँकेच्या पत्राचंही तसंच. नुसता खाते क्रमांक दिला तर तेवढंच खातं गोठतं. पॅन आणि ग्राहक क्रमांकावरून मागितलं तर मुदतठेवी आणि लॉकरही समोर येतात.

हरकतीनं विक्री रद्द होत नाही. जमीन जप्त करायची तर महाराष्ट्राचा 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, लावावा लागतो. त्याच्या कलम 4 खाली शासन मालमत्ता जप्त करतं. पैसा बाहेर काढण्यासाठीच ती दुसऱ्याच्या नावावर केली असेल तर कलम 8 त्या दुसऱ्यापर्यंत पोचतं. म्हणून विक्रीची तारीख, गुन्ह्याची तारीख आणि मोबदला खरंच खात्यात आला का, या तीन गोष्टी आम्ही शेजारी शेजारी मांडल्या. मोबदल्याची रक्कम खात्यात कुठंच नव्हती.

अधिसूचनेनंतर 30 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याला, म्हणजे जप्त मालमत्ता सांभाळायला शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्याला, विशेष न्यायालयात अर्ज करावा लागतो. मूल्यांकन, सूची 2, चलन आणि प्रमाणित खातेउतारे यांचा संच त्याच आठवड्यात तयार करून प्रस्तावासोबत गृह विभागाकडे पाठवला. ठेवीदारांना जे काही परत मिळायचं, ते याच जमिनीच्या लिलावातून मिळणार होतं.