डवरा आज बांधावरच थांबला

आज २६ जुलै, कारगिल विजय दिवस. सकाळी मामाजींसोबत सोयाबीनमध्ये डवरणीला, म्हणजे बैलांच्या डवऱ्यानं तण काढायला गेलो होतो. १९९९ च्या कारगिल युद्धात ते जवान म्हणून द्रासला होते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्यावर ते कधी बोलत नाहीत. आज नऊच्या चहाला बांधावर बसलो, त्यांनी दोन कप भरले आणि एक तसाच बाजूला ठेवला. मला वाटलं माझा, म्हणून हात पुढे केला. "थांब बाबू," एवढंच म्हणाले.

मग हळूहळू बोलले. त्यांचा बडी गढवालचा होता. बडी म्हणजे जोडीदार, एक झोपला तर दुसरा जागा. तो गेला त्या रात्री वर चढाई सुरूच होती. "रडाले टाइमच नोता रे. त्याच्या पाण्याची बाटली घेतली अन् पुढं गेलो." त्याची ट्रंक नंतर मामाजींनीच भरली. स्वेटर, कंगवा, दाढीचं सामान. आणि घरून आलेलं एक अंतर्देशीय पत्र, तो गेल्यावर पोहोचलेलं. ते त्यांनी न फोडता सगळ्यात वर ठेवलं.

त्या युद्धात आपले ५२७ जवान गेले. हा आकडा मी शाळेत भाषणात किती वेळा म्हटला असेल! त्या प्रत्येकाची ट्रंक कोणीतरी भरली असेल, हे आजपर्यंत मनातच आलं नव्हतं.

मामाजी दुपट्ट्यानं डोळे पुसत होते, अगदी उघडपणे. मामी म्हणते, सव्वीस वर्षांच्या वर झाली, तिनं त्यांना रडताना पाहिलं नाही.

तो चहा त्यांनी धुऱ्यावरच्या निंबाच्या बुडाशी ओतला. मग बैल सोडले.