सेंट क्लेअर सरोवर: दोन दिवस, एक मस्की

रीळ करकरलं तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेदहा झाले होते. आदल्या दिवशी नऊ तास बोट फिरवून काहीच लागलं नव्हतं. तो दिवस कशामुळे वाया गेला हे आधी सांगतो, कारण मस्की या मोठ्या शिकारी माशाच्या ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या बोटीमागे लूर (नकली आमिष) ओढत करायच्या मासेमारीला, नव्याने उतरणाऱ्याला तेच जास्त उपयोगी पडेल.

मिशिगन आणि कॅनडातलं ओंटारियो यांच्यामध्ये पसरलेलं सेंट क्लेअर सरोवर सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचं आहे, पण सरासरी खोली जेमतेम ११ फूट. उत्तर अमेरिकेतले पहिले झेब्रा शिंपले १९८८ मध्ये इथेच सापडले. हे शिंपले पाणी गाळून नितळ करतात, मग ऊन तळापर्यंत पोचतं आणि पाणगवत माजतं. मस्की त्या गवताच्या कडेला दबा धरून बसतो. हेच गवत तुटून पृष्ठभागावर तरंगत येतं आणि तुमच्या लूरला चिकटतं.

मी रत्नागिरीच्या खाडीत गरी टाकत वाढलो. तिथे दोरा बोटावर असतो, मासा हुंगला तरी कळतं. ट्रोलिंगमध्ये रॉड, म्हणजे गळाची काठी, बोटीवरच्या होल्डरमध्ये उभा असतो आणि बोट ताशी चार मैलांनी चाललेली असते. त्यामुळे बोटाचं काम डोळ्यांनी करावं लागतं. लूर नीट पोहत असेल तर रॉडचं टोक एकसारखं थरथरतं. गवताची एक काडी अडकली तरी ती थरथर मंदावते किंवा थांबते. पहिल्या दिवशी मी आणि माझ्या मेहुण्याने चार रॉड लावले आणि गप्पा मारत बसलो. वर ओढले तेव्हा चारांपैकी तीन लूरांवर गवताचे झुपके होते. कधीपासून, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी फक्त दोनच रॉड. मिशिगनमध्ये माणशी तीन दोर चालतात, पण नवख्याने एकेकावरच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. दर दहा मिनिटांनी लूर तपासायचा आणि शंका आली तर लगेच. एक दहा इंची बिलीव्हर (हे लूरचं नाव) साठेक फूट मागे सोडला. दुसरा लूर शिसं लावून बोटीच्या अगदी मागे, इंजिनच्या पंख्याने उठणाऱ्या फेसात, दहा फुटांवर. इतक्या जवळ मासा येईल यावर माझा विश्वास नव्हता, पण इथले जुने लोक हे वर्षानुवर्षं करत आले आहेत.

बोट सरळ रेषेत नेऊ नका, नागमोडी न्या. वळणावर आतल्या बाजूचा लूर मंदावतो, बाहेरचा वेग घेतो. मासा कुठल्या लूरवर आला त्यावरून त्याला आज कोणता वेग हवाय ते कळतं.

अशाच एका वळणावर माझा मेहुणा ओरडला, "दाजी, टोक बघा!" आणि फेसातला रॉड वाकला. आतल्या बाजूचा होता तो. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. झटका देऊ नका, बोटीच्या वेगानेच हूक बसलेला असतो. आणि इंजिन एकदम बंद करू नका, दोरा सैल पडतो. मी रीळ धरलं, त्याने बोट हळू केली आणि दुसरा दोर गुंडाळून घेतला.

या माशाला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात, म्हणजे तितक्यांदा गळ फेकावा तेव्हा एक मिळतो. म्हणूनच त्याला सोडायची तयारी त्याला पकडायच्या तयारीआधी व्हायला हवी. आमच्याकडे रबरी लेप दिलेलं मोठं जाळं, लांब नाकाचा पक्कड, हूक कापायची कात्री आणि जबडा उघडा धरणारा चिमटा होता. सगळं हाताशी, पेटीत नाही. मासा जाळ्यातच, पाण्यातच ठेवला. एक हूक निघेना, तो सरळ कापला. हूक पुन्हा विकत मिळतो. मग दोन्ही हातांनी आडवा उचलला, मापला, ४१ इंच, आणि लगेच पाण्यात. शेपटीजवळ धरून ठेवला, कल्ले संथ हलू लागले, आणि त्याने स्वतःच हात सोडवून घेतला. मला बराच वेळ बोलता आलं नाही.

पाण्याचं तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर मस्कीच्या मागे जाऊच नका. सोडलेला मासाही मग जगत नाही. आम्ही सप्टेंबरच्या मध्यात गेलो, पाणी ६८ होतं.

काही कोरड्या गोष्टी. हॅरिसन टाउनशिपमधल्या हार्ली एन्साइन धक्क्यावरून बोट उतरवली. गाडीला मिशिगनचा रिक्रिएशन पासपोर्ट, म्हणजे अशा सरकारी जागांचा प्रवेश पास, लागतो. सरोवराच्या मधून सरहद्द जाते, पलीकडे गळ टाकायचा तर ओंटारियोचा परवाना हवा. मोठी मालवाहू जहाजं खोल मार्गाने जातात, त्यांच्या वाटेत ट्रोलिंग करू नका. पाणी उथळ असल्याने वारा सुटला की लाटा फार लवकर उभ्या राहतात. दोरा ८० पौंडी ब्रेड (विणलेला दोरा), पुढे लूरजवळ जाड लीडर (दोऱ्याचा मजबूत शेवटचा तुकडा), कारण मस्कीचे दात साधा दोरा कापतात.

आमच्या लीडरवर ओरखडे उठले होते. तो बदलला, हुकांची टोकं कानशीने घासली, आणि बोट पुन्हा त्याच वळणाकडे नेली.