तुम्ही विचारलंत म्हणून: एका कागदावर सहा तारखा

जुन्या लष्करी नोंदींची सूची करायचं काम मी फावल्या वेळात करते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "एकेका कागदावर पाच-सहा तारखा असतात म्हणे, मग तुम्ही लिहून कोणती घेता?" विचारणाऱ्याला बहुधा सुटसुटीत नियम हवा असतो: सगळ्यांत जुनी घ्या, नाहीतर सगळ्यांत ठळक, नाहीतर वरून पहिली. मलाही सुरुवातीला तोच हवा होता.

काम तसं साधं. पडद्यावर मूळ कागदाचा फोटो, शेजारी रिकामे रकाने: नाव, पलटण, जन्म, भरती, मृत्यू, कधी डिस्चार्ज. फोटो वाचायचा आणि रकाने भरायचे. उद्या कुणी पणजोबांचं नाव शोधलं तर हा कागद त्याला सापडावा, एवढाच हेतू. नाव चुकलं तर कागद सापडत नाही. तारीख चुकली तर कागद सापडतो, पण माणूस भलताच वाटतो. दुसरी चूक मला जास्त वाईट वाटते.

माझं उत्तर असं, की तारखेला आधी तिचं क्रियापद विचारा. त्या दिवशी नेमकं काय झालं? माणूस भरती झाला, का नुसतं नाव नोंदवून घरी गेला? पगार घेतला? मेला, का तो मेला असं कचेरीने ठरवलं? का एखाद्या कारकुनाने कागद हातात आल्यावर शिक्का मारला, बस? रकान्याचं आणि तारखेचं क्रियापद एकच असेल तर ती तारीख आपली. नसेल तर ती कितीही टपोऱ्या अक्षरांत असो, सोडून द्यायची.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांची कार्डं माझ्याकडे आली होती. ही कार्डं युद्धातली नव्हेतच. पेन्शनचे दावे तपासता तपासता जुने मस्टर, म्हणजे हजेरीपट, फाटायला लागले, तेव्हा १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून युद्धखात्याने कारकून बसवून एकेका माणसाची एकेक नोंद कार्डांवर उतरवून घेतली. कार्ड छापील असतं. वर माणसाचं नाव आणि पलटण, खाली "अमुक कंपनीच्या मस्टरवर नाव आहे", मग मस्टर कोणत्या महिन्यांचा ते, उदाहरणार्थ नोव्हेंबर व डिसेंबर १८६३. त्याखाली भरती कधी, कुठे, किती वर्षांसाठी, शेवटचा पगार कधीपर्यंतचा मिळाला, हजर की गैरहजर. तळाला उतरवून घेणाऱ्या कारकुनाचं नाव. मस्टर साधारण दोन-दोन महिन्यांचे, म्हणून एकाच माणसाची अशी दहा-पंधरा कार्डं एका पाकिटात असतात.

माझी नजर गेली ती मस्टरच्या तारखेवर, कारण ती वर होती आणि स्वच्छ होती. आखलेल्या बारक्या ओळीतली भरतीची तारीख मी पाहिलीच नाही. त्यामुळे माझ्या सूचीत चाळीसेक माणसं एकाच दिवशी, मस्टर जिथे संपतो त्या ३१ डिसेंबरला, भरती झाली. तपासणाऱ्या बाईंनी एक ओळ लिहून पाठवली: "वर्षअखेरीला एवढी गर्दी?" त्यांचा राग दिसला नाही, हे जास्त लागलं. चाळीसही कार्डं पुन्हा केली.

आणि तिथेही गुंता संपत नाही. त्या कार्डांवर "नाव घातलं" ही एक तारीख असते आणि "मस्टर इन" ही दुसरी. पहिली त्या माणसाची स्वतःची, तो ज्या दिवशी तयार झाला ती. दुसरीला अख्खी कंपनी रांगेत उभी करून संघराज्याच्या सैन्यात घेतलं गेलं. दोन्हींत काही दिवसांचं, कधी काही आठवड्यांचं अंतर. रकाना "भरती" म्हणत असेल तर मी पहिली घेते. सगळ्या कंपनीची एकच तारीख दिसली की मला आता हटकून शंका येते.

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश कागदांवर हीच गंमत उलट्या बाजूने दिसते. १९१५ च्या शरद ऋतूत डर्बी योजना आली. तिच्यात पुरुषांनी शपथ घेऊन सही करायची, लगेच राखीव दलात जायचं आणि बोलावणं येईपर्यंत घरी, आपल्या कामावर राहायचं. त्यामुळे शपथेची तारीख डिसेंबर १९१५ ची आणि प्रत्यक्ष हजर झाल्याची पुढच्या वर्षातली. शपथेची तारीख "सेवा सुरू" या रकान्यात टाकलीत, तर जो माणूस तेव्हा दुकानात माल मोजत होता त्याला तुम्ही खंदकात उभं केलंत.

अमेरिकेतल्या १९१७-१८ च्या ड्राफ्ट कार्डांबद्दल, म्हणजे सक्तीच्या भरतीसाठी केलेल्या नावनोंदणीच्या कार्डांबद्दल, तर सरसकट गैरसमज आहे. ५ जून १९१७ ला २१ ते ३० वर्षांच्या सगळ्या पुरुषांना नोंदणी करावी लागली, आणि १२ सप्टेंबर १९१८ ला वयाची कक्षा १८ ते ४५ अशी वाढवली. अशी सुमारे २ कोटी ४० लाख नावं जमली. त्यांतून सैन्यात घेतलेले तीस लाखांच्याही आत. म्हणजे या कार्डावरची तारीख बहुतेकांच्या बाबतीत फक्त एवढंच सांगते, की हा गृहस्थ त्या दिवशी रांगेत उभा राहिला. पण ती टाकाऊ नाही. तीवरून कार्ड कोणत्या फेरीतलं ते कळतं, आणि फेरीनुसार फॉर्ममधले प्रश्न बदलतात. रकाना "नोंदणी" असेल तर खुशाल घ्या. "सेवा" असेल तर रिकामा ठेवा.

जन्मतारखेबाबत मी जरा हट्टी आहे. ब्रिटिश भरतीच्या फॉर्मवर बऱ्याचदा जन्मतारीख नसतेच, वय असतं: १९ वर्षं २ महिने. अनेकजण तिथल्या तिथे वजाबाकी करून महिना-वर्ष भरून मोकळे होतात. करू नका. भरतीला १८ पूर्ण लागत आणि परदेशी आघाडीवर जायला १९. हे पोरांना ठाऊक होतं. ते १९ वर्षं २ महिने म्हणजे टेबलापलीकडच्या सार्जंटला दिलेलं उत्तर आहे. वयाचा रकाना असेल तर ते तिथे जसंच्या तसं लिहा. त्यातून जन्मवर्ष काढलंत, की पोराची थाप तुमच्या नावावर पक्की होते.

बरं, कागदावर जी तारीख आहे ती मुळात तिथे का लिहिली गेली, हाही प्रश्न विचारून बघा, कारण कारकुनालाही तुमच्यासारखीच निवड करावी लागली होती. ब्रिटिश पदकांच्या कार्डांवर "युद्धभूमीवर पाऊल ठेवल्याची" तारीख काहींना असते, काहींना नसते. मी बरेच दिवस याला आळस समजत होते. खरं कारण असं, की ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत जो आघाडीवर पोचला त्यालाच स्टार नावाचं पदक मिळायचं. १९१६ पासून पुढे गेलेल्याला ते नाहीच, मग त्याची तारीख बघतो कोण. तारीख लिहिली जायची ती तिच्यावर पगार, पदक किंवा पेन्शन अडलेली असेल तेव्हा. काय अडलं होतं ते कळलं की क्रियापद आपोआप सापडतं.

मृत्यूच्या तारखेला सगळ्यांत जास्त वेळ जातो. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत बेपत्ता झालेल्या माणसाच्या फाइलीत बेपत्ता झाल्याची तारीख असते, आणि अनेक महिन्यांनी "त्या दिवशी किंवा त्यानंतर मृत झाल्याचं मान्य" असा कागद येतो. कागदाची तारीख वेगळी, मान्य केलेली वेगळी. मी कागद जी तारीख मृत्यूची म्हणतो तीच घेते, पत्राच्या माथ्यावरची कधीच नाही. आणि मृत्यूचं वर्ष १९१९ किंवा १९२० दिसलं तर दचकून "दुरुस्त" करू नका. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारकांच्या यादीत पहिल्या महायुद्धाचे मृत ४ ऑगस्ट १९१४ पासून ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत धरले आहेत. जखमा आणि आजार युद्धबंदीच्या दिवशी थांबले नाहीत.

तारीख वाचण्याचे घोळ निराळेच. ६/५/१७ हे अमेरिकन हातचं असेल तर ५ जून, ब्रिटिश हातचं असेल तर ६ मे. अशा वेळी मी त्याच कारकुनाच्या हातची, बारापेक्षा मोठा आकडा असलेली दुसरी तारीख शोधते. २३ आधी आला की नंतर, त्यावरून त्याची सवय कळते. रशियन कागदांत ३१ जानेवारी १९१८ नंतर थेट १४ फेब्रुवारी येते, तिथे दिवस बदलून लिहायचा मोह आवरा. कागदावर जे आहे ते लिहायचं, हिशेब ज्याचा त्याने करावा.

शेवटी जळलेले कागद. लंडनमधल्या ज्या गोदामात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या फाइली होत्या, त्यावर सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडले आणि निम्म्याहून जास्त फाइली गेल्या. वाचलेल्यांच्या कडा काळ्या आहेत, आणि तारखेचा शेवटचा आकडा नेमका कडेला असतो. परवा असंच एक पान आलं. "१४ जुलै १९१" इथपर्यंत शाई स्वच्छ, पुढे कोळसा, कोळशाच्या तोंडाशी एक बारीक वळण. पाचाचं म्हणावं तर पाचाचं, सहाचं म्हणावं तर सहाचं. पुढच्या पानावर १९१६ मधल्या इस्पितळाची नोंद होती, म्हणजे सहा असण्याची शक्यता बरीच. तरी दिवस आणि महिना भरला, आणि वर्षाच्या जागी "वाचता येत नाही" ही खूण टाकली. तपासणाऱ्या बाईंनी या वेळी काही लिहून पाठवलं नाही.