मंगळसूत्र टेकतं तिथला व्रण

मागच्या वर्षी जानेवारीत माझं डाव्या बाजूचं मॅस्टेक्टमीचं, म्हणजे कॅन्सरमुळे स्तन काढून टाकायचं, ऑपरेशन झालं. टाक्यांच्या पिना काढल्या तेव्हा व्रण अगदी बारीक रेघ होता, छातीच्या मधोमध हाडापासून सुरू होऊन आडवा काखेपर्यंत. सर्जन म्हणाले छान भरलंय, आणि खरंच छान भरलं होतं. आमच्या आईने तर गणपतीला नारळ फोडला.

मग केमो सुरू झाली आणि त्या गडबडीत व्रणाकडे बघायला कुणाला वेळ होता. साधारण सात-आठ आठवड्यांनी आंघोळ करताना बोटाला लागलं की रेघ आता रेघ राहिली नाहीये, दोरीसारखी वर आलीये. रंग वांग्याच्या सालीसारखा जांभळट. काखेखाली जिथे ड्रेनची नळी, म्हणजे ऑपरेशननंतर आत साचणारं पाणी बाहेर काढणारी, होती त्या भोकाच्या जागी हरभऱ्याच्या डाळीएवढा कडक दाणा झालेला. आणि सगळ्यात वाईट मधला भाग, छातीच्या हाडावरचा, बरोबर मंगळसूत्राच्या वाट्या टेकतात तिथे. तो नुसता वर आलेला नव्हता, तो उजवीकडे पसरत होता, जिथे सुरी लागलीच नव्हती तिथपर्यंत.

आणि खाज. खाजेबद्दल मला लिहायचंच आहे कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ऑपरेशननंतर त्या भागातली कातडी बधिर असते, हात फिरवला तर दुसऱ्या कुणाच्या अंगावरून फिरवल्यासारखं वाटतं, पण खाज मात्र आतून येते, आणि वरून खाजवलं तर ती खाजवल्यासारखं लागतच नाही. रात्री दोन वाजता उठून मी फ्रीजमधलं पाणी रुमालावर घेऊन ठेवायचे. नखं लावायची नाहीत हे कळत होतं, बधिर कातडीला जखम झाली तरी समजत नाही आणि त्या बाजूच्या हाताला इन्फेक्शन म्हणजे सूज यायची भीती, पण झोपेत हात जायचाच. शेवटी लेकीने माझी नखं दर रविवारी कापायला घेतली.

मी फॉलोअपला हे दाखवलं तर तिथल्या डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, अहो जीव वाचलाय, व्रणाचं काय घेऊन बसलात. घरी जाऊबाईपण तेच म्हणाल्या, प्रेमानेच म्हणाल्या, आता या वयात कोण बघणारे. मला त्याचा खूप त्रास झाला. मला तो दिसायला चांगला नको होता, मला त्याने झोपू द्यायला हवं होतं, हात वर करून दोरीवर कपडे वाळत घालता यायला हवे होते. तो ओढ घ्यायचा, खांदा पूर्ण उचलला की काखेपासून छातीपर्यंत कुणी आतून दोरा ओढल्यासारखं. जीव वाचला म्हणून आयुष्यभर खाजवत बसायचं असं थोडंच आहे.

मग जूनमध्ये भीतीचा प्रकार झाला. मधल्या जाड भागात एक गाठ लागली, बाकीच्यापेक्षा कडक. मी दोन दिवस कुणाला बोलले नाही, यांनाही नाही, कारण मला वाटलं परत आला. तिसऱ्या दिवशी जाऊन दाखवलं, सोनोग्राफी झाली, आणि तो व्रणाचाच भाग निघाला. पण मैत्रिणींनो, हे नीट ऐका, मी दाखवलं ते बरोबरच केलं. मॅस्टेक्टमीच्या व्रणात किंवा आसपास नवीन गाठ, पुळी, न भरणारी जखम काहीही दिसलं तर व्रणच असेल म्हणून घरी बसू नका. आधी ऑन्कोलॉजिस्टचा, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांचा, हात लागू दे, मग व्रणाच्या डॉक्टरकडे.

व्रणाचे डॉक्टर असतात हेच मला तोपर्यंत माहीत नव्हतं. प्लास्टिक सर्जन नाहीतर त्वचारोगतज्ज्ञ. मी ज्या मॅडमकडे गेले त्यांनी पहिल्यांदा व्रणाकडे बघितलंच नाही, माझ्या दंडाकडे बघितलं. लहानपणी बीसीजीची लस दिलेली तिथे माझा डाग चिंचोक्याएवढा फुगलेला आहे, आई अजून त्याला देवीचा डाग म्हणते. मग विचारलं कान टोचल्यावर काही झालं होतं का. झालं होतं, कॉलेजात वरच्या पाळीला टोचलेलं तिथे मणी उगवला होता आणि काढून टाकल्यावर दुप्पट मोठा आला. मॅडम म्हणाल्या, मग तुमची कातडी आधीपासून सांगत होती. हे ऑपरेशनच्या आधी कुणी विचारलं असतं तर पहिल्या महिन्यातच काळजी घेता आली असती याची हळहळ वाटते. म्हणून ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी स्वतःहून सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका.

त्यांनी फरक समजावला तो मला शेताच्या बांधासारखा डोक्यात बसला. जो व्रण फुगतो पण आपल्या बांधाच्या आत राहतो तो हायपरट्रॉफिक. तो पहिल्या एक-दोन महिन्यांत वर येतो, काही महिने वाढतो आणि मग वर्ष-दीड वर्षात बऱ्याचदा आपोआप बसायला लागतो. जो बांध ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत घुसतो तो केलॉइड, तो आपोआप जात नाही आणि नुसता कापून काढला तर बहुतेक वेळा परत येतो, माझ्या कानासारखा. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत हे जास्त होतं, आणि छातीचं मधलं हाड, खांदा, कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा, कारण छातीवरची कातडी श्वासाबरोबर, हात हलवला की, सतत ताणली जाते. ताण पडला की शरीर कोलॅजन, म्हणजे जखम सांधणारं धाग्यासारखं प्रथिन, घालतच राहतं, थांबायचं कधी ते त्याला कळत नाही. माझी आडवी दोरी पहिल्या प्रकारची होती आणि मधला भाग दुसऱ्या.

केलॉइड हा शब्द खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरून आलाय, आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९व्या शतकाच्या सुरुवातीला तो दिला. आधी त्याने कॅन्सरवरूनच नाव ठेवलं होतं, मग लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून बदललं. हा कॅन्सर नाही. पण कर्क म्हणजे पण खेकडाच ना, मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ आरशासमोर उभी होते.

आता उपाय, जे मी केले ते. सिलिकॉनची शीट, पारदर्शक, मऊ, जेलीसारखी. व्रणापेक्षा थोडी मोठी कापायची आणि दिवसातले किमान १२ तास, जमलं तर आंघोळ सोडून जवळजवळ पूर्ण दिवस लावून ठेवायची, निदान दोन-तीन महिने. जखम पूर्ण बंद झाल्यावरच, ओल्या जखमेवर नाही. रोज सौम्य साबणाने धुवायची, हाताने पाणी झटकून उलटी वाळवायची, टॉवेलने पुसली तर सगळे धागे चिकटतात आणि ती मग धरत नाही. उन्हाळ्यात शीटखाली घाम साचतो आणि घामोळं उठतं, तेव्हा एक-दोन दिवस सुट्टी द्या, मग कमी तासांपासून परत सुरू करा. काखेच्या वळणावर शीट टिकतच नाही, तिथे मी सिलिकॉनचं जेल लावते, पातळ थर, चार-पाच मिनिटं वाळू द्यायचं मग कपडे. शीट महाग पडते हे खरंय, ज्यांना जमत नाही त्यांना मॅडम साधी कागदी मायक्रोपोर पट्टी व्रणावर लांबीने लावायला सांगतात, ताण कमी होतो.

मसाज मला फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवला. बोटाच्या पेराने, नखाने नाही, इतकं दाबायचं की व्रण पांढरा पडेल, मग गोल, मग आडवं, मग उभं, आणि शेवटी कातडी चिमटीत धरून बरगडीपासून हळू उचलायची. पहिल्या दिवशी ती उचललीच गेली नाही, खाली चिकटलेलीच होती. सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं. मी खोबरेल वापरते, पण तेल असलं की शीट चिकटत नाही, म्हणून मसाज आंघोळीआधी करायचा, साबणाने तेल काढायचं, कोरडं करायचं, मग शीट. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम पण यासोबतच. रेडिएशन झालेल्यांनी यातलं काहीही करायच्या आधी तिथल्या डॉक्टरांना विचारा, माझ्या बाबतीत रेडिएशन लागलं नाही.

व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावायचा सल्ला मला किमान दहा जणींनी दिला. मी लावली, आणि लाल पुरळ उठलं. त्याने व्रण बसतो असं सिद्ध झालेलं नाही आणि बऱ्याच जणींना ॲलर्जी येते असं मॅडम म्हणाल्या. ताज्या जखमेवर हळद, कोरफड, चुना काहीच नको. आणि बधिर भागावर गरम पिशवी चुकूनही नको, भाजेल आणि कळणारही नाही.

मधल्या केलॉइडला शीटने फारसा फरक पडला नाही, तिथे इंजेक्शनं घ्यावी लागली. ट्रायॲम्सिनोलोन म्हणजे स्टेरॉइड, थेट व्रणाच्या आत, चार ते सहा आठवड्यांनी एकदा, ऑन्कोलॉजिस्टना विचारूनच. दुखतं, खोटं कशाला सांगू. केलॉइड इतका कडक असतो की औषध आत शिरता शिरत नाही, मॅडम दोन्ही अंगठ्यांनी सिरिंज दाबत होत्या आणि ती जागा पांढरीफटक होत गेली. बाकी छाती बधिर असताना नेमकी तीच जागा जिवंत आहे. दुसऱ्या वेळेपासून आधी दहा मिनिटं बर्फ लावला आणि बधिर करायचं औषध त्यातच मिसळून दिलं, मग सोसवलं. शुगर असलेल्यांनी आधी सांगा, काही दिवस वाढू शकते. खाज पहिल्याच इंजेक्शननंतर दहा दिवसांत निम्म्यावर आली. त्या रात्री मी सलग सहा तास झोपले.

पाच इंजेक्शनं झाली. मधला भाग आता जवळजवळ सपाट आहे, पण भोवती कातडी थोडी पातळ आणि पांढुरकी झालीये, याची कल्पना त्यांनी आधीच दिली होती. आडवी दोरी मऊ होऊन तपकिरी झालीये, उन्हाने काळी पडू नये म्हणून गळ्याचा जो भाग उघडा राहतो तिथे सनस्क्रीन लावते. ड्रेनचा दाणा तसाच आहे हट्टाने.

टेलरिंगवाल्या काकूंनी नवे ब्लाउज शिवून दिले, आतून मऊ मलमलचं अस्तर, पॅडसाठी डावीकडे खिसा, आणि काखेची शिवण दोन बोटं मागे सरकवलेली, म्हणजे व्रणावर घासत नाही. हे त्यांनी मला न विचारता केलं, माप घेताना बोट लागलं तेव्हा मी दचकले होते तेवढ्यावरून. मंगळसूत्र मी वर्षभर काढून ठेवलं होतं. मागच्या आठवड्यात सोनाराकडे नेऊन दोन इंच लांब करून आणलं, वाट्या आता व्रणाच्या खाली येतात. पुढचं इंजेक्शन २० तारखेला आहे, ड्रेनच्या दाण्यासाठी.